गेटखालची तार : प्रस्तावना

‘गेट चालत नाही.’ सोसायटीच्या तक्रारवहीत बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असतं. उघडत नाही की बंद होत नाही, येणाऱ्या गाडीला की जाणाऱ्या, सगळ्यांना की फक्त दुधाच्या टेम्पोला, त्या वेळी पाऊस होता की ऊन, यातलं काहीच त्या वहीत नसतं. मग मेंटेनन्सचा माणूस येतो, पॅनेल उघडतो, लूप डिटेक्टरची डबी काढून नवी लावतो. गेट चार दिवस नीट चालतं आणि पाचव्या दिवशी वहीत पुन्हा तेच वाक्य उमटतं. काढून टाकलेली डबी बहुधा धडधाकट असते.

बूम बॅरियर, स्लायडिंग गेट, पार्किंगचा रॅम्प, अशा सगळ्या ठिकाणी गाडी ओळखण्याचं काम करणाऱ्या या साधनाच्या बिघाडांवर ही पुस्तिका आहे. ती वाचताना एक गोष्ट मनात पक्की धरून ठेवावी असं मला वाटतं: लूपचा बिघाड बहुतेक वेळा जमिनीत असतो, डबीत नसतो. आणि जमिनीतला बिघाड काँक्रीट न फोडता, उभ्या उभ्या, दोन-तीन मोजमापांनी ओळखता येतो. आपल्याकडे तो तसा ओळखला जात नाही, कारण डबी दिसते आणि तार दिसत नाही. जे दिसतं ते बदललं जातं. सोसायटीचे पैसे जातात ते जातातच, पण त्याहून वाईट म्हणजे वैतागून कुणीतरी सुरक्षेचा लूपच, म्हणजे खाली गाडी असताना बूमचा दांडा उतरू न देणारा लूप, पॅनेलमधून सोडवून ठेवतो आणि त्यानंतर तो दांडा कुणाच्याही गाडीवर उतरू शकतो. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिणार आहे.

आधी हे यंत्र काम कसं करतं ते पाहू. लूप म्हणजे रस्त्यात तीन ते पाच सेंटिमीटर खोल कापलेल्या खाचेत बसवलेले तांब्याच्या तारेचे काही वेढे. गेटसाठी साधारण दोन मीटर बाय एक मीटरचा आयत आणि त्याला तीन किंवा चार वेढे असतात. तारेची दोन्ही टोकं एकमेकांभोवती पिळून पॅनेलपर्यंत आणलेली असतात. या तुकड्याला फीडर म्हणतात. डिटेक्टर या वेढ्यांतून हजारो हर्ट्‌झचा प्रवाह सतत खेळवत ठेवतो आणि त्याची वारंवारता मोजत राहतो. गाडी वर आली की वेढ्यांच्या चुंबकीय क्षेत्रामुळे गाडीच्या तळाच्या पत्र्यात भोवऱ्यासारखे प्रवाह तयार होतात. ते मूळ क्षेत्राला विरोध करतात, लूपचं इंडक्टन्स घटतं आणि वारंवारता वाढते. इंडक्टन्स एक टक्क्याने उतरलं तर वारंवारता अर्ध्या टक्क्याने चढते. म्हणजे ५० किलोहर्ट्‌झवर चालणाऱ्या लूपमध्ये सुमारे २५० हर्ट्‌झचा फरक पडतो. डिटेक्टरला तेवढा पुष्कळ झाला. तो रिले ओढतो आणि पुढचं काम गेटच्या कंट्रोलरचं.

यात वजनाचा काहीही संबंध नाही. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण ‘एवढी जड गाडी उभी आहे तरी गेट उघडत नाही’ हे वाक्य प्रत्येक गेटवर ऐकू येतं. रस्त्यात काटा बसवलेला नाही. लूपला कळतो तो धातूचा पसरट भाग आणि त्याचं जमिनीपासूनचं अंतर. म्हणून दहा हजार लिटर पाण्याने भरलेला टँकर लूपला छोट्या हॅचबॅकपेक्षा कमी जाणवू शकतो, कारण टँकरची चॅसी उंचावर असते. लूपची नजर किती उंच पोचते याचा ढोबळ नियम असा की आयताची जी बाजू लहान, तिच्या अर्ध्या ते दोन तृतीयांश उंचीपर्यंत. एक मीटर रुंदीच्या लूपला पन्नास-पासष्ट सेंटिमीटरपर्यंतचं नीट कळतं. जागा वाचवण्यासाठी कुणी अर्ध्या मीटरचा लूप कापला असेल, तर ट्रक आणि टँकर त्याला चुकणारच. तिथे कितीही महागडी डबी लावली तरी उपयोग नाही.

वजनाचा हा समज अगदीच हवेतून आलेला नाही. लूपच्या आधी अमेरिकेत रस्त्यात दाबाच्या पट्ट्या बसवत आणि त्या खरोखरच चाकांच्या भाराने चालत. त्याच काळात, १९२८ साली, बाल्टिमोरमध्ये चार्ल्स ॲडलर यांनी चौकात मायक्रोफोन बसवला होता. आडरस्त्यावरून आलेल्या चालकाने हॉर्न वाजवला की सिग्नल बदलत असे. १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत तारेचा लूप आला आणि हॉर्न, दाब, दोन्हींची गरज संपली. आपल्याकडच्या गेटांवर ती अजून पुरती संपलेली नाही. रात्री अकरा वाजता वॉचमनला उठवायला वाजणारा हॉर्न पहिल्या मजल्यावरच्या आजाऱ्याला आणि तान्ह्या बाळालाही उठवतो. बाहेर जाणाऱ्या गाडीसाठी आतल्या बाजूला नीट चालणारा लूप असला तर निदान तो हॉर्न थांबतो. मला हा लूपचा खरा मोठा उपयोग वाटतो, म्हणूनच तो नादुरुस्त पडून राहिलेला पाहवत नाही.

आता जमिनीकडे वळू. पहिला पाऊस पडला आणि गेट वेड्यासारखं वागायला लागलं, ही तक्रार पुण्या-मुंबईत जूनमध्ये हमखास येते. दोष पावसाला दिला जातो. पण चांगल्या लूपला पावसाने काही होत नाही. तापमान आणि ओलावा यांनी इंडक्टन्स हळूहळू सरकतं, आणि डिटेक्टर त्या संथ बदलाचा पाठलाग करत स्वतःचं शून्य सरकवत राहतो. तो दखल घेतो ती झटकन होणाऱ्या बदलाची. पावसाने गोंधळ होतो याचा अर्थ तारेच्या इन्सुलेशनला कुठेतरी चीर आहे, पाणी तांब्यापर्यंत पोचतं आहे आणि तिथून थोडा थोडा प्रवाह जमिनीत मुरतो आहे. ऊन पडलं की खाच सुकते आणि गेट शहाण्यासारखं वागू लागतं. दुरुस्तीवाला नेमका उन्हात येतो, त्याला काही सापडत नाही आणि तो डबी बदलून जातो. या चक्रातून सुटायचा रस्ता म्हणजे मेगर, इन्सुलेशनचा रोध मोजणारं मीटर.

चीर पडते कशी? कारणं बरीच आहेत, पण वारंवार दिसतात ती दोन. खाचेचे कोपरे काटकोनात कापले की तार तिथे धारेवर घासत राहते. म्हणून कोपरा ४५ अंशात तिरका कापायचा असतो. दुसरं म्हणजे तार खाचेत दाबताना स्क्रूड्रायव्हर वापरणं. लाकडाची चपटी पट्टी वापरली तर हा प्रकार होतच नाही. शिवाय साधी पीव्हीसीची वायर गरम डांबराखाली मऊ पडते. एक्सएलपीई इन्सुलेशनची दीड चौरस मिलिमीटरची तार थोडी महाग पडते, पण टिकते.

पेव्हर ब्लॉकचं दुखणं वेगळं. आपल्या सोसायट्यांची अंगणं आता सर्रास ब्लॉकची असतात आणि ब्लॉक हलतात. गेटसमोर तर जास्तच, कारण तिथेच गाड्या ब्रेक लावतात आणि वळतात. ब्लॉक सरकले की त्यांच्या सांध्यांतून गेलेली तार ताणली जाते आणि एक दिवस तुटते. ब्लॉकमध्ये खाच कापून लूप घालणं हा पैशांचा अपव्यय आहे, हे मी स्पष्टच सांगतो. ब्लॉक उचलून खाली पाइपमध्ये बंदिस्त केलेला, आधीच तयार केलेला लूप बसवावा. तो खोल जातो म्हणून नजर थोडी कमी होते. ती लूपची रुंदी वाढवून भरून काढता येते.

पोडियमवर आणखी सांभाळावं लागतं. खाली बेसमेंट असलेल्या स्लॅबमध्ये चार सेंटिमीटरची खाच म्हणजे वॉटरप्रूफिंग फाडणं आणि कदाचित सळईला भिडणं. त्यामुळे तिथे लूप वरच्या कोब्यातच बसवायला हवा, कापायच्या आधी कोब्याची जाडी माहीत हवी. सळयांची जाळी लूपच्या अगदी जवळ असेल तर तीही गाडीच्या पत्र्यासारखीच वागते. लूपचं इंडक्टन्स ती कायमचं खाली ओढते आणि खऱ्या गाडीमुळे पडणारा फरक बारीक होतो. निदान पाच सेंटिमीटर अंतर आणि एखाद-दोन वेढे जास्त, एवढ्याने बहुधा भागतं.

बिघाड शोधताना मीटर हातात घेण्याच्या आधी वॉचमनशी बोला. तो तिथे बारा तास बसतो आणि त्याला सगळं माहीत असतं. त्याला कुणी विचारत नाही, एवढंच. काय होतं यापेक्षा कधी होतं हा प्रश्न जास्त कामाचा आहे. स्लायडिंग गेट बंद होता होता मध्येच पुन्हा उघडतं असं तो म्हणाला, तर लूप गेटच्या लोखंडाच्या फार जवळ कापला आहे. सरकतं गेट स्वतःलाच गाडी समजतं. हलत्या लोखंडापासून निदान एक मीटर अंतर ठेवायला हवं. शेजारच्या लेनमध्ये गाडी आली की इकडचा दांडा वर जातो असं तो म्हणाला, तर दोन लूप एकमेकांत मिसळत आहेत किंवा सेन्सिटिव्हिटी फाजील वाढवली आहे. अवजड गाडी गेली की खोटा इशारा मिळत असेल, तर आसपास ड्रेनेजच्या चेंबरचं सैल झाकण किंवा लोखंडी जाळी आहे का पाहा. ती खडखडते आणि प्रत्येक खडखडाट लूपला जाणवतो. दुपारीच बंद पडतं, सकाळी चालतं, असं असेल तर तापून फाकणाऱ्या तुटक्या तारेचा किंवा सैल टर्मिनलचा संशय घ्यावा. आणि ‘गेल्या महिन्यात रस्त्यावर नवा थर टाकला’ हे उत्तर मिळालं तर बरेचसे प्रश्न तिथेच संपतात.

मग मोजमाप. पहिलं सोपं आहे. डिटेक्टरपासून लूपची दोन्ही टोकं सोडवा आणि साध्या मल्टिमीटरने रोध मोजा. सहा मीटर परिघाचा लूप, चार वेढे, पंधरा मीटर फीडर असं धरलं, तर एकूण तार चोपन्न मीटर होते. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याचा रोध मीटरला सुमारे १२ मिलिओहम, म्हणजे सगळा मिळून पाऊण ओहमच्याही आत. मीटरच्या वायरींचा स्वतःचा थोडा रोध असतो, तो वजा करायला विसरू नये. इथे सात-आठ ओहम दिसले तर मधे कुठेतरी सांधा आहे आणि तो कुजला आहे. अनंत दिसला तर तार तुटली. आकडा हलत असेल तर सांधा सैल आहे. मीटर लावलेला असताना एखाद्या जड गाडीला लूपवरून जाऊ द्या, तो नाचताना दिसेल.

दुसरं मोजमाप मेगरचं. लूप आणि जमीन यांच्यामधला इन्सुलेशनचा रोध ५०० व्होल्टवर पाहायचा. नव्या लूपला १०० मेगओहमच्या वर मिळायला हवा. एक मेगओहमच्या खाली उतरला असेल तर तो लूप पावसाळ्यात त्रास देणार, आज कितीही चांगला चालत असला तरी. मात्र मेगर लावण्याआधी डिटेक्टर सोडवलेला आहे याची दोनदा खात्री करा. ५०० व्होल्ट डबीत गेले की ती खरोखरच मरते. आणि शक्य असेल तर हे मोजमाप रस्त्यावर दोन बादल्या पाणी ओतून करावं. उन्हाळ्यात सुकलेली खाच खोटं समाधान देते.

तिसरं मोजमाप इंडक्टन्सचं. एलसीआर मीटर आता फार महाग राहिलेला नाही आणि ज्याच्या पोटापाण्याचा हा धंदा आहे त्याने तो घ्यावाच. वरच्या उदाहरणातल्या लूपचं इंडक्टन्स १०० मायक्रोहेन्रीच्या आसपास येतं, शिवाय फीडरचे दहाएक. ढोबळ सूत्र असं: परिघ फुटांत, भागिले चार, गुणिले (वेढ्यांचा वर्ग अधिक वेढे). चाराऐवजी तीनच वेढे घातले असतील तर हाच आकडा साठापर्यंत उतरतो. सूत्राच्या आणि मीटरच्या आकड्यांत अशी दरी दिसली की समजावं, एक तर कापणाऱ्याने एक वेढा कमी घातला, किंवा दोन वेढे इन्सुलेशन जाऊन एकमेकांना चिकटले. चिकटले असतील तर आकडा आणखीच खाली जातो, कारण शॉर्ट झालेला वेढा स्वतःच गाडीच्या पत्र्यासारखा काम करतो. साध्या ओहमच्या मोजमापात हा दोष जवळजवळ दिसतच नाही. म्हणून ‘कंटिन्युइटी आहे, लूप ठीक आहे’ या निर्णयावर मी विश्वास ठेवत नाही आणि वाचकांनीही ठेवू नये.

एक जुनी युक्ती इथे नोंदवतो, कारण तिने अर्धं काम मिनिटात होतं. बादलीच्या तोंडाएवढ्या घेराचे, एकावर एक दहा-बारा वेढे घेऊन तारेचं कडं करावं आणि ते किटमध्ये ठेवावं. संशय आला की जमिनीतला लूप सोडवून डिटेक्टरला हे कडं जोडायचं, डबी नव्याने ट्यून होऊ द्यायची आणि कड्यावर पातेल्याचं झाकण धरायचं. रिले वाजला आणि झाकण दूर करताच सुटला, तर डबी ठीक आहे. मग नवी विकत घ्यायचं कारण उरत नाही. शोध बाहेर रस्त्यावर घ्यायचा.

फीडरबद्दल थोडंच सांगतो. त्याला मीटरमागे पंधरा-वीस पीळ हवेत आणि ते पॅनेलच्या टर्मिनलपर्यंत हवेत. पीळ नसलेला फीडर स्वतःच लांबट लूप बनतो आणि शेजारून जाणाऱ्या मोटरच्या केबलचा आवाज झेलतो. एका पाइपात मोटर आणि लूप दोन्हींच्या तारा घालणारे आजही भेटतात. व्हीएफडीवर, म्हणजे वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर, चालणाऱ्या मोटरशेजारी तर हे अजिबात चालत नाही. दोन लूप एकमेकांत मिसळत असतील तर डबीवरच्या स्विचने एकाची वारंवारता बदलावी. त्याहून चांगलं म्हणजे दोन्ही लूप एकाच दोन-चॅनेल डिटेक्टरवर घेणं. तो त्यांना आळीपाळीने तपासतो, त्यामुळे भांडणच उरत नाही.

सेन्सिटिव्हिटीच्या स्विचवर मात्र माझा राग आहे. स्विचवर राग धरणं योग्य नाही, तो वापरण्याच्या सवयीवर आहे. गाडी ओळखली जात नाही, वाढवा एक पायरी. तरी नाही, आणखी एक. शेवटी सर्वात वरच्या पायरीवर गेट शेजारच्या लेनमधली गाडी, सरकतं फाटक आणि ओली जमीन, सगळंच ओळखायला लागतं. खाली मात्र तुटायला आलेली तार तशीच राहते. चांगल्या लूपवर मोटार आली की इंडक्टन्स काही टक्क्यांनी बदलतं आणि डिटेक्टरच्या सर्वात मंद पायरीलाही ते सहज समजतं. मोटारीसाठी स्विच वर न्यावा लागतो आहे, यातच लूप आजारी असल्याची खूण आहे.

दुचाकीचं तसं नाही, आणि हा भाग वाचकांनी सावकाश वाचावा अशी माझी विनंती आहे. आपली शहरं दुचाकींची आहेत. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या गेटवर सकाळी नऊ वाजता उभं राहा. मोटारींपेक्षा स्कूटर जास्त जातात. पण हे तंत्रज्ञान मोटारी डोळ्यासमोर ठेवून घडलं आहे. स्कूटरमुळे लूपमध्ये पडणारा फरक टक्क्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. तोही ती लूपवर कुठून जाते यावर अवलंबून. लूपच्या मधोमध चुंबकीय रेषा सरळ वर जातात. चाकाचं धातूचं कडंही उभं असतं, म्हणून त्या रेषा कड्यातून आरपार जात नाहीत आणि कड्यात प्रवाहच निर्माण होत नाही. बरोबर तारेच्या वर मात्र रेषा आडव्या असतात, आणि तारेला समांतर जाणाऱ्या चाकाला त्या आरपार भेदतात. म्हणजे लूपच्या मधून जाणारा स्कूटरवाला जवळजवळ अदृश्य, आणि काठावरून जाणारा स्पष्ट दिसणारा. रस्त्याच्या मधोमध जाणं ही माणसाची स्वाभाविक चाल आहे, त्यात त्याचा काही दोष नाही.

परिणाम असा की मोटारीमागोमाग स्कूटर निघते, मोटार लूपवरून उतरते, डिटेक्टरच्या मते लूप रिकामा होतो आणि दांडा खाली येतो, नेमका स्कूटरवाल्याच्या खांद्यावर किंवा हेल्मेटवर. ज्याच्याकडे हेल्मेट नाही त्याचं काय होतं ते लिहायची गरज नाही. दुचाकींच्या वाटेवर लूप मुद्दाम तिरक्या आकाराचा कापावा, म्हणजे मधून जाणाऱ्या चाकालाही तार भेटेल. किंवा इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा दुहेरी लूप घालावा, ज्याची मधली तार वाटेच्या मध्यावर येते. शक्य तिथे दुचाकींना वेगळी, दांडा नसलेली वाट द्यावी. आणि कुठल्याही लूपला माणूस दिसत नाही, सायकल नीट दिसेलच असं नाही, गेटमध्ये चेंडू घ्यायला धावलेलं मूल तर नाहीच. त्यांच्यासाठी फोटोसेल हवा, अडथळा लागला की मागे फिरणारा दांडा हवा. फक्त लूपच्या भरवशावर बूम चालवणं मला अयोग्य वाटतं, मग ते अंदाजपत्रकात कितीही बसत असो.

जोड असलेल्या लांब वाहनांचाही असाच प्रश्न येतो. साखर कारखान्याच्या काट्यावर ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या लावलेल्या असतात. त्यांच्यामधला जोडदांडा म्हणजे एक बारीक लोखंडी पट्टी, आणि तो लूपवर आला की डिटेक्टरला गाडी गेली असं वाटतं. यासाठी बऱ्याच डिटेक्टरांत सोय असते: एकदा गाडी ओळखली की ती पूर्ण जाईपर्यंत सेन्सिटिव्हिटी आपोआप कमाल होते. ती सोय चालू करायचा छोटा स्विच असतो. डिटेक्टर बनवणाऱ्याकडून तो बंद स्थितीत आलेला असेल आणि कुणी डिटेक्टरसोबतची माहितीपुस्तिका उघडली नसेल, तर तो तसाच बंद राहतो.

वीज जाण्याचा प्रश्न आपल्याकडे रोजचा आहे. वीज गेली, जनरेटर सुरू झाला, पुन्हा वीज आली; प्रत्येक वेळी डिटेक्टर नव्याने जागा होतो आणि समोर जे असेल त्याला रिकामा रस्ता समजून ट्यून होतो. त्या क्षणी सुरक्षेच्या लूपवर मोटार उभी असेल, तर ती मोटार त्याच्या हिशेबी अस्तित्वातच नाही, आणि दांडा तिच्यावर येऊ शकतो. कंट्रोलरला छोटा यूपीएस लावणं हा यावरचा साधा उपाय आहे. काही डिटेक्टर वीज जाण्याआधीची स्थिती लक्षात ठेवतात. नवा घेताना तसा मागावा. याच जातीचा दुसरा धोका वेळेच्या मर्यादेचा आहे. काही सेटिंगांत बराच वेळ उभ्या राहिलेल्या गाडीला डिटेक्टर विसरून जातो. पार्किंग मोजण्यासाठी ते ठीक असेल. दांड्याखालच्या लूपला ती मर्यादा कधीही लावू नये.

तसंच बिघाड झाल्यावर रिलेने कुठल्या बाजूला पडावं हेही ठरवून घ्यावं लागतं. सुरक्षेच्या लूपची तार तुटली तर दांडा वरच राहायला हवा. बाहेर जाण्याच्या लूपची तार तुटली तर मात्र गेट आपोआप उघडता कामा नये, नाही तर रात्रभर उघडं राहील. जोडणी उलटी झालेली असेल तर ती बिघाड होईपर्यंत कुणाच्याही लक्षात येत नाही. म्हणून बसवतानाच लूपची एक तार सोडून पाहावी.

आणि आता तो सोडवून ठेवलेला लूप. दांडा सतत वर राहतो, रहिवासी ओरडतात, कुणीतरी पॅनेलमध्ये सुरक्षेच्या लूपची जोडणी बाजूला करून इनपुटवर वायरचा तुकडा मारतो. दांडा खाली येऊ लागतो आणि तक्रार मिटते. तो तुकडा तात्पुरता असतो, पण त्याची नोंद कुठेच नसते, आणि पुढच्या वर्षी नवा कंत्राटदार येतो तेव्हा त्याला वाटतं की जोडणी मुळातच अशी आहे. कमिटीच्या सभासदांनी वर्षातून एकदा तरी स्वतः पाहावं: दांड्याखाली मोटार उभी करून बंद करण्याचा हुकूम द्यावा, आणि दांडा जागचा हलला नाही याची खात्री करावी. यासाठी इलेक्ट्रिशियन असण्याची गरज नाही. ही पुस्तिका त्यांच्याही हाती जावी असं मला वाटतं ते याचसाठी.

सगळं तपासून झाल्यावर काही लूप दुरुस्तीपलीकडे गेलेले निघतात. खाचेतल्या तारेला सांधा मारून वेळ मारून नेऊ नये. तो सांधा पुढच्या पावसापर्यंतचाच पाहुणा असतो. नवा लूप कापावा, शक्यतो जुन्याच्या थोडा बाजूला, मे महिन्यात, खाच कोरडी असताना. तार अखंड, पॅनेलपर्यंत एकच. सीलंट ओतण्याआधी रोध, इन्सुलेशन आणि इंडक्टन्स मोजावं आणि पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला तारखेसह लिहून ठेवावं, शेजारी डिटेक्टरची वारंवारता आणि सेन्सिटिव्हिटीची पायरी. सीलंट ओतून तो थंड झाल्यावर हेच तीन आकडे पुन्हा मोजायचे. गरम डांबराने इन्सुलेशन गेलं असेल तर ते त्याच दिवशी कळतं, जेव्हा कटर आणि माणसं अजून गेटवरच असतात.